निजलेल्या यंत्राची राखण



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून उन्हाळ्याच्या संध्याकाळी चार गोष्टी ऐकायला एकत्र जमण्याची सवय मराठी माणसाला लागली. व्याख्यात्याने ऋतू पाहून बोलावे, अशी श्रोत्यांची रास्त अपेक्षा असते. आज आम्ही ती अपेक्षा मोडणार आहोत. बाहेर अंगाची लाही होते आहे, या पंख्यांचा वाराही गरम लागतो आहे, आणि आमचा विषय आहे हिवाळ्यात होडीचे इंजिन गोठू नये म्हणून घ्यावयाची काळजी!

कोणी विचारील, जोगेश्वरीला या विषयाचे काय? प्रश्न वाजवी आहे. आपल्या शेजारच्या सांताक्रूझच्या वेधशाळेत नोंदलेले सर्वांत कमी उष्णतामान ७·४ अंश सेल्सियस आहे. ते २२ जानेवारी १९६२ या दिवशीचे. त्या दिवशी मुंबईकरांनी ट्रंकांतून ठेवणीतल्या शाली काढल्या असतील. पण पाणी गोठायला आणखी सात अंशांहून अधिक उतरावे लागले असते. तेव्हा आपल्याकडे होडीचे इंजिन गोठायचे नाही, हे आधीच सांगून टाकतो. तरीही हा विषय आपला आहे. तो कसा, हे तासाभराने आपल्याला पटले नाही, तर तो दोष आमच्या सांगण्याचा समजावा.

आमच्या परिचयाचे एक मराठी कुटुंब अमेरिकेत मिशिगन राज्यात, एका तळ्याकाठी राहते. तिथे घरोघर लहानशी मोटारहोडी असते. ऑक्टोबर लागला की शनिवार-रविवारी सगळ्यांची एकच धांदल उडते. होडी पाण्याबाहेर काढायची, इंजिनातले पाणी सोडायचे, गुलाबी रंगाचे औषध भरायचे, वर ताडपत्री बांधायची. त्या गृहस्थांनी पहिल्या वर्षी हे काम पुढच्या रविवारवर टाकले. मधल्या एका रात्री थंडीची लाट आली. सकाळी इंजिन वरून धडधाकट दिसत होते. वसंतात पाणी चढवले तेव्हा बिडाच्या अंगावरून उभी चीर पाझरू लागली. इंजिन गेले. एका रात्रीचे काम!

ही चीर पडते कशी? पाणी हा मोठा विलक्षण पदार्थ आहे. बहुतेक द्रव थंड होताना आकसतात आणि घट्ट होताना आणखी आकसतात. पाणी मात्र चार अंशांपर्यंत आकसते आणि त्याखाली पुन्हा फुगू लागते. बर्फ होताना तर त्याचे कण मोकळ्या जाळीसारखी रचना धरतात आणि त्याचे आकारमान सुमारे नऊ टक्क्यांनी वाढते. ढोबळ हिशेब करायचा तर अकरा लिटर पाण्याचा बारा लिटर बर्फ होतो. आपल्यापैकी कोणी गार पाण्यासाठी काचेची भरलेली बाटली बर्फाच्या कप्प्यात ठेवून विसरले असेल, तर सकाळी काय दिसले ते त्यांना आठवत असेल. बाटली फुटली ती याच नऊ टक्क्यांनी.

या गुणामुळे निसर्गात जीव वाचतात. चार अंशांचे जड पाणी तळाशी बसते आणि हलका बर्फ वर तरंगतो, म्हणून तळ्याचे पाणी वरून गोठले तरी खाली मासे जगतात. तळ्यात बर्फाला पसरायला वर आकाश मोकळे असते, इंजिनात नसते. सिलिंडरांभोवतीच्या पोकळीत, नळीच्या वळणात, पंपाच्या पोटात पाणी कोंडलेले असते. कोंडलेले पाणी शून्याखाली बावीस अंशांपर्यंत थंड झाले, तर ते सुमारे दोन हजार वातावरणांइतका दाब देऊ शकते. बीड दाबाला घट्ट, पण ताणाला कच्चे. आतून ताण बसला की ते वाकत नाही, तडकते.

आता इंजिनात पाणी असते तरी कशाला, तेही सांगितले पाहिजे. डिझेल जळून जी उष्णता निर्माण होते, तिचा बराच मोठा भाग पंखा फिरवण्याच्या कामी येत नाही. तो बाहेर काढला नाही तर इंजिन जळून जाईल. मोटारीत हे काम रेडिएटर आणि वारा करतात. होडीला भोवती अफाट पाणी मिळते. म्हणून होडीच्या इंजिनात बहुधा पाण्याचे दोन फेरे असतात. एक आतला, कोंडलेला, गोड्या पाण्याचा. दुसरा बाहेरचा: समुद्राचे किंवा तळ्याचे पाणी तळाच्या तोटीतून आत येते, गाळणीतून पंपात जाते, आतल्या पाण्याची उष्णता घेते आणि धुराच्या नळीवाटे बाहेर पडते. काही इंजिनांत आतला फेरा नसतोच; बाहेरचे पाणी थेट सिलिंडरांभोवती खेळते. थंड देशात या दोन्ही फेऱ्यांची व्यवस्था लावावी लागते.

पहिला उपाय अगदी सोपा: पाणीच ठेवू नका. तोट्या उघडा, सगळ्यांत खालचे बूच काढा, नळ्या सोडवा. पण ‘सोडले’ म्हणजे ‘संपले’ नव्हे. बुचाच्या भोकात गंजाचा खपला अडकतो, धार थांबते आणि माणसाला वाटते पाणी संपले. जाणता मिस्त्री तिथे तार घालून पाहतो. इंजिनाच्या अंगावर पत्र्याच्या वाट्यांसारखी काही बुचे ठोकलेली असतात. बर्फाचा दाब आला की ती उडतील आणि इंजिन वाचेल, असा पुष्कळांचा समज आहे. वास्तविक ती ओतकामाच्या वेळी राहिलेली भोके बुजवण्यासाठी असतात. कधी उडतातही, पण त्यांच्यावर भरवसा ठेवून झोपणारा पुष्कळदा फसतो.

दुसरा उपाय पाण्यालाच गोठू न देण्याचा. हा आपल्या आजीला ठाऊक होता. आंब्याचे आइस्क्रीम करताना लाकडी पॉटमध्ये बर्फ आणि खडेमीठ घालून आपण सर्वांनी दांडा फिरवला आहे. मिठाने बर्फ शून्याखालीही वितळतो, म्हणूनच आतले दूध गोठते. पाण्यात दुसरा पदार्थ विरघळला की त्याचा गोठणबिंदू उतरतो. समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, तेवढ्यानेच ते शून्यावर न गोठता उणे १·९ अंशांच्या आसपास गोठते.

मग इंजिनात मीठच का घालू नये? घातले तर थंडीतून इंजिन वाचेल आणि गंजाने मरेल. म्हणून ग्लायकॉल नावाचा द्रव वापरतात. त्याची एक गंमत आहे. शुद्ध एथिलीन ग्लायकॉल उणे तेरा अंशांच्या सुमारास गोठते, पाणी शून्यावर गोठते. पण दोन्ही निम्मेनिम्म मिसळली, तर ते मिश्रण उणे सदतीसपर्यंत गोठत नाही. दोघेही एकमेकांना सावरून धरतात. मात्र हा द्रव चवीला गोड आणि पोटात गेला तर विषारी असतो. म्हणून जे औषध शेवटी तळ्यात वाहून जायचे, त्यात बहुधा कमी घातक असे प्रॉपिलीन ग्लायकॉल वापरतात. मिशिगनचे ते गुलाबी औषध याच जातीचे.

इथवर सांगितले ते परदेशातले. आपल्या महाराष्ट्रात बर्फाचे दर्शन कुठे होते? महाबळेश्वरला. साताऱ्याचे अप्पासाहेब महाराज यांच्या काळात, १८४२ साली बांधलेल्या वेण्णा तलावाच्या काठी डिसेंबर-जानेवारीच्या एखाद्या पहाटे होड्यांच्या धक्क्यावर दवबिंदू गोठलेले सापडतात, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत त्याचे चित्र येते. वाचणाऱ्याला कोडे पडते, की हवेचे उष्णतामान चार-पाच अंश असताना दव गोठले कसे? निरभ्र, वारा पडलेल्या रात्री पातळ पत्रा, गवताचे पाते, मोटारीचे टप आपली उष्णता थेट आकाशाकडे टाकत राहतात आणि भोवतालच्या हवेहूनही थंड होतात. तलावाच्या पोटात मात्र उष्णतेचा मोठा साठा असतो. तो एका रात्रीत सरत नाही. म्हणून धक्क्यावर हिमकण आणि शेजारी पाणी मोकळे, असे दृश्य दिसते. तिथेही होडीच्या इंजिनाला भय नाही.

खरे भय लडाखात. पँगाँग सरोवर चार हजार मीटरांहून अधिक उंचीवर आहे. त्याचे पाणी मचूळ आहे, तरी हिवाळ्यात ते गोठते. एवढ्याशा क्षाराने त्या थंडीपुढे निभाव लागत नाही. लष्कराने जानेवारी २०२१ मध्ये गोवा शिपयार्डशी बारा जलद गस्ती नौकांचा करार केला, तो अशा उंचावरच्या जलाशयांवरील पहाऱ्यासाठी. गोव्याच्या दमट किनाऱ्यावर होड्या बांधायच्या आणि हाडे गोठवणाऱ्या थंडीत चालवायच्या, केवढे हे अंतर! तिथे पाण्याबरोबर डिझेलचीही काळजी असते. डिझेलमध्ये मेणासारखा अंश असतो. थंडीत तो साकळतो आणि गाळणी बुजते. लडाखात नोकरी करून आलेले जवान आपल्या गावोगावी आहेत. टाकीखाली शेगडी धरून गाडी सुरू करण्याच्या गोष्टी ते सांगतात. २०१९ साली इंडियन ऑइलने उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे हिवाळी डिझेल तिथे आणले, तेव्हा हा त्रास पुष्कळ कमी झाला. बॅटरीचेही तसेच. पूर्ण भरलेली बॅटरी उणे पन्नासलाही गोठत नाही. उतरलेली मात्र शून्याखाली सात-आठ अंशांवरच गोठून फुटू शकते.

आता, मंडळी, घराकडे वळू. आपली ओशिवरा नदी आरेच्या टेकड्यांतून निघते आणि मालाडच्या खाडीला मिळते. त्या खाडीच्या तोंडाशी वेसावे आहे. वेसाव्याहून मढला जाणाऱ्या फेरीबोटीत आपण कधी ना कधी बसलाच असाल. अजून काही आठवड्यांनी त्या किनाऱ्यावर जाऊन पाहा. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला बंदी असते. माशांच्या विणीचा हंगाम आणि दर्याचे उधाण, अशी दोन्ही कारणे त्यामागे आहेत. त्याआधी बोटी किनाऱ्याला ओढतात, शाकारतात, जाळी सुकवून घरात नेतात. मिशिगनमध्ये ऑक्टोबरात जे चालते, तेच वेसाव्याला मेअखेर चालते. त्यांचा हिवाळा तो आपला पावसाळा. त्यांचे यंत्र बर्फाच्या भयाने निजते, आपले दर्याच्या भयाने.

आणि शत्रू? तिकडे शत्रू बर्फ. मीठ त्याला थोडेफार अडवते. इकडे तेच मीठ शत्रू! आपल्या स्वयंपाकघरातली मिठाची बरणी पावसाळ्यात पाझरते, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. समुद्राचे मीठ हवेतला ओलावा ओढून घेते. इंजिनात खाऱ्या पाण्याचा थेंब वाळला, तरी त्याचे मीठ मागे राहते. मग जून येतो. सांताक्रूझला जून ते सप्टेंबर सरासरी दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो; हवा ओलीचिंब. ते मीठ पाणी ओढते आणि लोखंड खाऊ लागते. गंमत अशी, की गंजही बर्फासारखाच फुगतो. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा मागतो. म्हणूनच गंजलेला बोल्ट पाना लावला तरी सुटत नाही, तुटतो. बर्फ एका रात्रीत जे करतो, ते गंज साठ रात्रींत करतो. बर्फाची चीर दिसते. गंज मात्र कळू देत नाही.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. नारळी पौर्णिमेच्या आधी आम्ही वेसाव्याच्या किनाऱ्यावर होतो. बोटी पाण्यात लोटल्या जात होत्या, बँड वाजत होता, बायका नव्या लुगड्यांत. एका बोटीवर मात्र शुकशुकाट. बंदीच्या आधीची शेवटची खेप उशिरा आली, मासळी उतरवली, लग्नसराई होती, आणि इंजिन गोड्या पाण्याने धुवायचे राहून गेले. आता सिलिंडरात दट्ट्या धरून बसला होता. खाऱ्या पाण्याच्या पंपातला रबरी पंखा एका बाजूला चेपून कडक झाला होता. खलाशांना उचल दिलेली, बर्फाची आणि डिझेलची सोय केलेली, घरातले सोने गहाण. हंगामाचे पहिले दिवस म्हणजे मासळीला भाव येण्याचे दिवस. ते दुरुस्तीत चालले होते. त्या घरातले वृद्ध तांडेल काठी टेकून बसले होते. आम्ही काही बोलायच्या आत तेच म्हणाले, “बोट निजली तरी खारं पानी निजत नाय.”

श्रोतेहो, या विषयावर आम्ही पुस्तके चाळली. पण त्या एका वाक्यात सगळे आले. त्यांचे नुकसान किनाऱ्यावर कळले, एवढे तरी नशीब. हेच इंजिन कसेबसे सुरू झाले असते, तो रबरी पंखा दहा-बारा वावांच्या पाण्यात तुटला असता, इंजिन तापून बंद पडले असते, आणि ऑगस्टचा दर्या अजून शांत झालेला नसतो. बोटीवर माणसे असतात. यंत्राची हयगय शेवटी माणसाच्या जिवावर येते.

तेव्हा बंदीच्या आधी काय करावे, ते क्रमाने सांगतो. यात आमचे स्वतःचे काही नाही. जाणते मिस्त्री आणि यंत्रांचे कारखानदार हेच सांगतात.

पहिले, बोट ओढली की बाहेरच्या फेऱ्यात गोडे पाणी घालून इंजिन चालवावे, चांगले गरम होईपर्यंत. थंड इंजिनातला झडपेचा पडदा उघडत नाही, आणि आतल्या वाटा धुतल्या जात नाहीत. मग सगळे पाणी सोडावे; बुचाच्या भोकात तार घालायला विसरू नये. दुसरे, इंजिन गरम आहे तोवरच जुने ऑइल काढावे. त्यात काजळी, पाणी आणि आम्ले मिसळलेली असतात. ती साठ दिवस बेअरिंगांच्या अंगाशी ठेवणे म्हणजे विस्तव पदरात बांधणे. नवे ऑइल भरून इंजिन थोडे फिरवावे. तिसरे, डिझेलची टाकी एक तर गळ्यापर्यंत भरलेली असावी, नाही तर रिकामी करून पुसलेली. अर्ध्या टाकीत ओली हवा शिरते, पाणी तळाशी साचते, आणि डिझेल व पाणी यांच्या मधोमध जंतू वाढून काळा चिकटा धरतो. तोच पुढे गाळणी बुजवतो. चौथे, रबरी पंखा काढून, ग्लिसरीन लावून सावलीत ठेवावा; साधे ग्रीस रबराला मानवत नाही. पाचवे, सिलिंडरांत थोडे तेल सोडावे, आणि हवेचे व धुराचे तोंड तेलकट चिंध्यांनी बंद करावे. पण त्या चिंध्यांची चिठ्ठी चावीला बांधावी, नाही तर ऑगस्टमध्ये नवाच घोटाळा व्हायचा! सहावे, बॅटरी सोडवून घरी न्यावी आणि महिन्याने भरावी. सातवे, पंधरवड्याने एकदा इंजिन हाताने थोडे फिरवावे, म्हणजे दट्ट्या एकाच जागी धरून बसत नाहीत.

आतल्या कोंडलेल्या फेऱ्यात नळाचे पाणी न भरता ग्लायकॉलचे मिश्रण का भरावे, असेही कोणी विचारील. मुंबईत ते गोठायचे तर नाही. उत्तर असे, की त्या मिश्रणात गंज रोखणारी द्रव्ये असतात आणि ते साध्या पाण्यापेक्षा उशिरा उकळते. आपल्या मोटारीतल्या कूलंटचेही तेच. गंज रोखणारी ती द्रव्ये कालांतराने संपतात, रंग मात्र तसाच राहतो. म्हणून कारखानदाराने सांगितलेल्या मुदतीत ते बदलावे. रंगावर विसंबू नये.

शेवटची गोष्ट जस्ताची. बोटीच्या तळाशी आणि इंजिनातही जस्ताच्या पट्ट्या बसवतात. खाऱ्या पाण्यात दोन धातू जवळ आले की एक दुसऱ्यापायी झिजतो. जस्त स्वतः झिजते आणि लोखंड, पितळ यांना वाचवते. हम्फ्री डेव्ही या इंग्रज शास्त्रज्ञाने १८२४ साली ब्रिटिश आरमाराच्या जहाजांवरील तांब्याचे पत्रे वाचवण्यासाठी हा उपाय सुचवला. पत्रे वाचले खरे. पण तांबे झिजेनासे झाले, तेव्हा त्यावर शंख-शेवाळ वाढू लागले आणि जहाजे मंदावली! एका व्याधीवरचे औषध दुसरी व्याधी आणते, तेव्हा वैद्याने पुढेही लक्ष ठेवले पाहिजे. आजही जस्ताची पट्टी अर्धी झिजली की ती बदलावी लागते. न झिजलेली पट्टी पाहून आनंद मानणारे भेटतात. अशी पट्टी बहुधा रंगाखाली दबलेली असते, काम करीत नसते.

आपल्यापैकी बहुतेकांकडे बोट नाही. पण मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, तेव्हा चाळीखालच्या स्कूटरी, रिक्षा, लहान कारखान्यांतली यंत्रे जिथल्या तिथे थांबली. पुन्हा सुरू करायला गेलो तेव्हा बॅटऱ्या मेलेल्या, ब्रेक धरलेले, टाक्यांत पाणी. चालवून नव्हे, न चालवून ती बिघडली होती. यंत्र घेताना ते सुरू कसे करावे, हे आपण दुकानदाराला दहादा विचारतो. ते नीट थांबवावे कसे, हे एकदाही विचारत नाही. थांबलेल्या यंत्राला काही होत नाही, असा आपला समज असतो. वस्तुतः चालत्या यंत्रावर माणसाचे लक्ष असते; थांबलेल्यावर पाण्याचे, मिठाचे आणि हवेचे असते.

थंड देशातल्या माणसाला बर्फाने ही शिस्त लावली, कारण बर्फ चुकीला माफी देत नाही. आपल्याला आपला दमट पावसाळा ती शिस्त सौम्यपणे शिकवतो, आणि सौम्य शिक्षकाचे आपण ऐकत नाही. येत्या महिन्यात वेसाव्याला बोटी किनाऱ्याला लागतील. तिथे कोणी इंजिनावर गोड्या पाण्याची धार धरून उभा दिसला, तर पाणी वाया घालवतो आहे असे समजू नका. तो नारळी पौर्णिमेनंतरच्या आपल्या घरच्या भाकरीची आणि बोटीवरच्या माणसांच्या जिवाची राखण करतो आहे.